डिस्क तुमच्या घरात, चावी दुसऱ्याकडे

ताई, कासारवडवलीहून तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा अकरावीत आहे. दहावीच्या निकालानंतर तुम्ही त्याला प्लेस्टेशन ५ घेऊन दिलं आणि सोबत दोन डिस्क, एक एल्डन रिंगची आणि एक फुटबॉलच्या गेमची. तुम्हाला वाटलं, खर्च एकदाच झाला. आता तो एल्डन रिंगचं डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडायचा जादा भाग, मागतोय, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला वर्गणी मागतोय, फुटबॉलमध्ये पॅक मागतोय. वर घरात ३०० एमबीपीएसचं नेट असूनही रोज रात्री ‘लॅग होतंय’, म्हणजे ऑनलाइन खेळ अडकत, उशिराने चालतोय, म्हणून वैतागतोय. यातलं खरं किती आणि आपल्याला कोणी लुबाडतंय का, हा तुमचा प्रश्न.

मी २००५ पासून ठाण्यात गेमिंग कॅफे चालवतो. नौपाड्यातल्या एका पोटमाळ्यावर आठ मशीन टाकून सुरुवात केली, तेव्हा काउंटर-स्ट्राइक आणि एज ऑफ एम्पायर्स दिवसभर चालायचे. गेली काही वर्षं लोकांच्या घरी जाऊन कन्सोल आणि नेटवर्क लावून द्यायचं कामही करतो. त्यामुळे मुलांची बाजू मला कळते आणि आईवडिलांची रोज ऐकायला मिळते. तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये. पण त्याने मागितलेल्या सगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजू नका. त्यातली एक घेण्यासारखी आहे, एक विचार करून घेण्यासारखी आणि एक अजिबात नको. आणि लॅगसाठी बहुतेक काही शे रुपयांच्या केबलवर भागेल.

आपल्याकडे राहायला घर दोन प्रकारे मिळतं. एक मालकीचं आणि दुसरं लीव्ह अँड लायसन्सवर, अकरा महिन्यांच्या करारावर. दोन्हीकडे पंखा तसाच फिरतो, खिडकीतून येऊरचा डोंगर तसाच दिसतो. फरक कळतो तो मालक ‘खाली करा’ म्हणतो त्या दिवशी. गेमचंही तेच आहे आणि शब्दही तोच आहे, लायसन्स. ऑनलाइन दुकानात पैसे भरून आपण घेतो ती खेळण्याची परवानगी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तर कायदाच आहे, की डिजिटल वस्तू विकताना हे लायसन्स आहे, मालकी नाही, असं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाने ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. म्हणून कोणी मला ‘दादा, हे घेऊ का?’ विचारलं की मी उलट विचारतो: हे चालायला कोणाचा सर्व्हर, म्हणजे कंपनीकडचा दूरचा कॉम्प्युटर, लागतो? आणि उद्या तो बंद झाला तर तुझ्याकडे काय उरतं?

हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाही. द क्रू नावाचा गाड्यांच्या शर्यतींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला होता. एकट्याने खेळायचा भागही भरपूर होता, पण तोही कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांच्याही हातात नुसती चकती राहिली. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपातल्या त्यांच्या नागरिक अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला. द क्रूच्या पुढच्या भागांना ऑफलाइन खेळायची सोय देऊ, असं कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. पहिल्या भागाच्या डिस्कवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

माझ्या कॅफेच्या कपाटातही अशा एका बंद पडलेल्या गेमची डिस्क आहे. तिच्यावर एक ओरखडा नाही. मशीनमध्ये घातली की नाव येतं, संगीत वाजतं आणि मग ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढंच. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली फायबर तुटली आणि दोन दिवस नेट नव्हतं. तेव्हा मी जुन्या मशीनवर लॅनमध्ये काउंटर-स्ट्राइक १.६ लावून दिला. त्याला बाहेरचा कोणी लागत नाही, आठ मशीन आणि मधला स्विच पुरतो. त्या गेमनंतर जन्मलेली पोरं रात्री साडेनऊपर्यंत हलली नाहीत. माझ्यासाठी विकत घेतलेली वस्तू ही अशी असते.

आता डीएलसी. हा प्रकार नवा नाही. एज ऑफ एम्पायर्स २ चा ‘द कॉन्करर्स’ हा विस्तार २००० साली वेगळ्या सीडीवर यायचा आणि आम्ही तो आनंदाने घ्यायचो, कारण त्यात नवी राज्यं आणि नव्या मोहिमा होत्या. पुढे नेट वेगवान झालं, सीडीची गरज संपली आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की लहानातली लहान गोष्टही वेगळी विकता येते. एप्रिल २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. त्याने खेळात फारसा काही फरक पडत नव्हता. लोक चिडले आणि तरीही घेणाऱ्यांनी घेतलं. आज ज्याला स्किन म्हणतात, त्या धंद्याची गोष्ट सांगताना लोक अजून त्या घोड्यापासून सुरुवात करतात.

म्हणजे डीएलसी या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एका बाजूला विचर ३ चे विस्तार आहेत. मूळ गेम मे २०१५ चा. त्यानंतर कंपनीने १६ छोटी डीएलसी फुकट दिली. मग ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ हे दोन मोठे विस्तार पैसे घेऊन दिले. यातला दुसरा तर स्वतंत्र गेम म्हणून खपला असता एवढा भरगच्च आहे. एज ऑफ एम्पायर्स २ च्या नव्या आवृत्तीला एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आलं, त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी वेगळी राज्यं मिळाली. माझ्याकडच्या पोरांनी पहिल्याच दिवशी ‘मराठे कुठायत?’ विचारलं, ते त्यात नाहीत. तरीही बावीस-तेवीस वर्षं जुन्या गेमला कोणी एवढ्या मन लावून नवं काही देतं, याचं मला मनापासून कौतुक आहे. दुसऱ्या बाजूला नुसते रंग, कपडे, बंदुकीची कव्हरं. आणि मध्ये कुठेतरी डेस्टिनी २ सारखे गेम. तिथे लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या मोहिमाच नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने गेममधून काढून ‘तिजोरीत’ ठेवल्या. म्हणजे घरमालकाने भाडं घेऊन नंतर एक खोली कुलूप लावून बंद करावी तसं.

तुमच्या मुलाला हवंय ते ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’. जून २०२४ मध्ये आलेलं हे डीएलसी पहिल्या प्रकारात बसतं. नवा मोठा प्रदेश आहे, भरपूर खेळ आहे, नेट नसतानाही एकट्याने खेळता येतं. माझं मत विचाराल तर हे घ्या. पण आजच्या आज घेऊ नका, दोन गोष्टी तपासून घ्या.

पहिली गोष्ट त्यालाच विचारा: ‘राडान आणि मोग, दोघांना हरवलंस का?’ या दोन शत्रूंना मूळ गेममध्ये हरवल्याशिवाय हे डीएलसी उघडतच नाही. मोग तर मुख्य वाटेवर नाहीच, तो शोधून काढावा लागतो. कितीतरी मुलं पैसे भरतात, डाउनलोड करतात आणि मग कळतं की अजून महिनाभराचा खेळ बाकी आहे. तोपर्यंत कदाचित सेलमध्ये तेच स्वस्त मिळालं असतं. मुलाला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मोगला हरव, त्या दिवशी घेऊ’ म्हणा. तुम्हाला ते नाव माहीत आहे याचंच त्याला अर्धं समाधान वाटेल.

दुसरी गोष्ट डिस्कची, आणि ही मी जरा सविस्तर सांगतो, कारण यात आपल्याकडे खूप लोक फसतात. प्लेस्टेशनवर डिस्क ज्या विभागासाठी छापलेली असते, त्याच विभागाच्या स्टोअरवरून घेतलेलं डीएलसी तिला लागू पडतं. भारतातली खाती युरोपच्या गटात मोडतात. पण बाजारात परदेशातून आणलेल्या डिस्कही भरपूर असतात, आणि दोनतीनशे रुपये कमी पडतात म्हणून त्या घेतल्याही जातात.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, राबोडीतला, नववीत असेल. गणपतीत आणि वाढदिवसाला मिळालेले पैसे साठवून त्याने एका गेमचा विस्तार घेतला होता. रात्रभर डाउनलोड केला, सकाळी उठून बघतो तर गेममध्ये काहीच नवीन नाही. त्याला वाटलं मशीन बिघडलंय, म्हणून प्लेस्टेशन दप्तरात घालून घेऊन आला. मी मशीनला हातच लावला नाही, डिस्कचा डबा मागितला. पुढच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात वयाचा शिक्का असतो. भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या डब्यावर पेगीचा, म्हणजे युरोपातल्या वयाच्या शिक्क्याचा, चौकोन असतो, त्यात ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा. त्याच्या डब्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनात इंग्रजी ‘टी’ अक्षर होतं. म्हणजे ईएसआरबीचा, अमेरिकेतला वयाचा शिक्का, अमेरिकेतली डिस्क. विस्तार भारतीय खात्यावरून घेतलेला. दोघांची गाठ कधीच पडणार नव्हती. ज्या दुकानातून त्याने डिस्क घेतली होती, त्या दुकानदाराला हे चांगलं माहीत असणार. त्याने सांगितलं नाही, आणि आम्ही दोघं परत गेलो तेव्हा ‘डिस्क चालतेय ना?’ एवढंच म्हणाला. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून ताई, आज घरी गेल्यावर डबा हातात घेऊन तो कोपरा बघा. पेगी असेल तर पुढे जा. ईएसआरबी असेल तर आधी डिस्क बदला, मग डीएलसीचा विचार करा.

जाता जाता हेही लक्षात ठेवा, की जुनी डिस्क घेताना डब्यावर ‘आत डीएलसीचा कोड’ असं छापलेलं असलं तर तो कोड पहिल्या मालकाने वापरलेला असणार, त्याचे पैसे मोजू नका. आणि प्लेस्टेशन स्टोअरवर घेतलेली गोष्ट १४ दिवसांत परत करता येते, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. स्टीमवर नियम उदार आहे: १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. कन्सोलवर मात्र बटण दाबायच्या आधीच विचार करायचा.

फुटबॉलचे पॅक. यावर माझं मत अगदी स्पष्ट आहे, घेऊ देऊ नका. अल्टिमेट टीम हा त्या गेममधला असा भाग आहे जिथे पैसे देऊन बंद पाकीट मिळतं आणि त्यातून कुठला खेळाडू निघेल ते नशिबावर. हवा तो खेळाडू निघण्याची शक्यता बहुतेक वेळा अगदी कमी असते आणि ती टक्केवारी गेममध्ये लिहिलेली असते. मुलाला ती उघडून मोठ्याने वाचायला सांगा, अकरावीत आहे, शक्यतेचं गणित त्याला येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वर्षी नवा गेम येतो आणि या वर्षी जमवलेला संघ तिकडे नेता येत नाही. सर्व्हर बंद झाला तर काय उरतं, याचं उत्तर इथे ‘काहीच नाही’ असं आहे, आणि तेही दरवर्षी. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे या फुटबॉल गेममधली पैशांच्या पॉइंटची विक्री थांबली. त्याच गेममध्ये मित्रांबरोबर साधा सामना, करिअर मोड, हे सगळं पॅकशिवाय खेळता येतं आणि छान खेळता येतं.

आपल्याकडेही कायदा आला ना, असं तुमच्या मनात येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण त्याने बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्याने मान्यता दिली. तुमच्या मुलाचं प्लेस्टेशन, डीएलसी किंवा वर्गणी यांचा त्या बंदीशी संबंध नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी काही पाठवलं तरी घाबरू नका.

वर्गणीचं मात्र मुलगा बरोबर बोलतोय. विकत घेतलेले बहुतेक गेम प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस लागतंच. जे गेम मुळातच फुकट आहेत त्यांना लागत नाही. कॉम्प्युटरवर स्टीमला अशी वर्गणी नसते, पण तुम्ही कन्सोल घेतलंय, तेव्हा हा खर्च धरून चाला. सगळ्यात खालची पायरी, इसेन्शियल, त्याला पुरेशी आहे. दर महिन्याला त्यात काही गेम ‘मिळतात’, पण वर्गणी चालू असेपर्यंतच ते उघडतात, तेव्हा त्यांना मालमत्ता समजू नका. महिन्याच्या दरापेक्षा वर्षाचा दर परवडतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी बहुतेक वेळा सूट असते. पण परीक्षेच्या वर्षात तो खरंच वर्षभर खेळणार आहे का, हे तुम्हीच ठरवा. सुटीपुरती महिन्याची घेतली तरी चालते. घरात धाकटं भावंड असेल तर वेगळी वर्गणी लागत नाही. मोठ्याच्या खात्यावर कन्सोल शेअरिंग चालू केलं की त्याच मशीनवर दुसऱ्यालाही ऑनलाइन खेळता येतं.

पैसे भरताना कार्ड त्या खात्यात साठवून ठेवू नका. नेमक्या रकमेचं गिफ्ट कार्ड अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि वर्गणीचं आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतचे असे ठरलेले हप्ते पुन्हा ओटीपी न मागता कापले जाऊ शकतात. बँक २४ तास आधी मेसेज करते, पण तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत कोण वाचतं?

आता लॅग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझं निम्मं काम हेच आहे आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच विनाकारण जातात.

३०० एमबीपीएस म्हणजे रस्त्याला किती लेन आहेत ते. घोडबंदर रोडला कितीही लेन असल्या तरी तुम्हाला माजिवड्याला पोचायला किती वेळ लागतो हा वेगळा प्रश्न आहे. तो वेळ म्हणजे पिंग, तुमच्या घरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. ऑनलाइन खेळताना डेटा फारच थोडा लागतो, तासाला साधारण १०० एमबीच्या आसपास, गेमप्रमाणे कमीजास्त. त्याला ३०० काय, १० एमबीपीएससुद्धा पुरतं. मोठा वेग लागतो तो गेम किंवा डीएलसी डाउनलोड करताना. आणि पिंगपेक्षाही त्रासदायक गोष्ट म्हणजे जिटर. आज माजिवडा २० मिनिटांत, उद्या सव्वा तासात. रोज नेमकी ४० मिनिटं लागत असती तर माणूस त्या हिशेबाने घरातून निघतो. गेमही तसाच आहे, स्थिर ६० मिलिसेकंदांवर माणूस सरावतो, पण १० वरून २०० वर आणि परत १० वर उड्या मारणाऱ्या लाइनवर कोणालाच खेळता येत नाही.

काही अंतर तर कोणालाच चुकत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागणार. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ६० किंवा त्याहून जास्त दिसतात. युरोपातला सर्व्हर असेल तर १०० च्या वर. व्हॅलोरंटसारख्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि ठाण्यातल्या चांगल्या फायबरवरून ते १० च्या आत मिळू शकतात. तुमच्या खाडीपलीकडेच, ऐरोली, रबाळे, महापेच्या पट्ट्यात देशातली किती मोठी डेटा सेंटर उभी आहेत! तरी गेमच्या सेटिंगमध्ये चुकून सिंगापूर निवडलेलं असेल तर मुलाची प्रत्येक गोळी समुद्र ओलांडून जाऊन परत येते. म्हणून पहिलं काम, प्रत्येक गेममध्ये सर्व्हरचा रीजन कुठला आहे ते बघा. फुकटात होतं.

पण बहुतेक घरांत दोष समुद्रात नसतो, घरातच असतो. ‘रोज रात्री’ हा तुमचा शब्द मला महत्त्वाचा वाटला.

वर्तकनगरमध्ये मी एका घरी गेलो होतो. वडील लग्नाचे फोटोग्राफर, मुलगा कॉम्प्युटरवर खेळणारा. तक्रार हीच, रात्री नऊनंतर खेळता येत नाही. नेटवाल्यांनी त्यांना आधीच दोनदा मोठा प्लॅन घ्यायला लावला होता आणि एवढाही फरक पडला नव्हता. मी कॉम्प्युटरवर पिंगची कमांड लावून खिडकी उघडी ठेवली: ७, ८, ७, ९. अगदी सुरेख. मुलगा म्हणाला, ‘काका, आत्ता चांगलंच असतं, नऊ वाजू द्या.’ मी चहा घेत बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी वडील आले, आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला, आणि इकडे आकडे बदलले: २३०, ३१०, ४४०. दिवसभरातले व्हिडिओ ते ग्राहकासाठी क्लाउडवर चढवायला लावायचे. वडिलांना वाटायचं अपलोडचा डाउनलोडशी काय संबंध, आणि मुलाला वाटायचं नेट खराब.

होतं असं, की अपलोडची वाट भरली की राउटरमध्ये रांग लागते. आनंदनगर टोलनाक्यावर पूर्वी लागायची तशी. व्हिडिओचे ट्रकच्या ट्रक पुढे उभे, आणि गेमचा इवलासा पॅकेट, जणू रुग्णवाहिका, त्यांच्या मागे. रस्ता रुंद करून उपयोग नाही, कारण ट्रकही तेवढेच वाढतात. मी त्यांच्या राउटरमध्ये अपलोडची मर्यादा त्यांच्या प्लॅनच्या साधारण ८५ टक्क्यांवर आणली आणि रांगेची शिस्त लावणारं सेटिंग चालू केलं. अपलोड चालू असताना आकडे १२-१४ वर आले. मुलाने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी मुलाकडे. काही महिने एकमेकांवर चिडलेले होते ते.

तुमच्याकडेही रात्री सगळे घरी येतात. चार मोबाइल वायफायला लागतात, फोटोंचा बॅकअप सुरू होतो, कोणीतरी टीव्हीवर मालिका लावतं. त्यात टॉवरमधलं घर. शेजारीपाजारी, वरखाली मिळून वीसेक वायफाय एकाच हवेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिथे ही सगळी गर्दी. म्हणून शनिवारी हे करा: प्लेस्टेशन उचलून राउटरजवळ न्या आणि केबलने थेट जोडा. एक संध्याकाळ तसंच खेळू द्या. लॅग गेला तर दोष वायफायचा, मग कॅट-६ केबल मुलाच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने ओढून घ्या. वीस मीटरला काही शे रुपये लागतात. राउटर चपलांच्या कपाटात ठेवलेला असेल तर तोही बाहेर काढा, आपल्या फ्लॅटमध्ये नेटवाले दाराजवळ जागा दिसेल तिथे तो बसवून जातात. केबलनेही लॅग राहिला तर वर सांगितलेली रांग किंवा बाहेरची लाइन, मग नेटवाल्यांशी बोला. प्लॅन मात्र वाढवू नका.

मित्र जोडता येत नाहीत, आवाज जात नाही, असं म्हणत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. प्लेस्टेशनच्या नेटवर्क सेटिंगमधली चाचणी चालवली की नॅट टाइप दिसतो, म्हणजे बाहेरच्यांशी जोडणी किती मोकळी आहे त्याचा आकडा. २ असेल तर ठीक. ३ असेल तर बहुतेक नेटवाल्यांनी एकाच पत्त्यावर खूप ग्राहक बसवलेत, किंवा घरात त्यांचा डबा आणि तुमचा राउटर, दोघंही एकाच वेळी राउटरचं काम करतायत. दुसरं असेल तर एकाला ब्रिज मोडवर टाकायचं, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसतं नेट पुढे देतो. पहिलं असेल तर आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) किंवा स्वतंत्र आयपी, म्हणजे फक्त तुमचा पत्ता, मागायचा, त्याला जादा पैसे पडू शकतात.

शेवटचं, बातम्यांचं. तुम्ही लिहिलंय की तो आता जीटीए ६ साठी आत्तापासून पैसे बाजूला ठेव म्हणतोय. ठेवू द्या, पण कोणाला देऊ देऊ नका. आधी तो २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ठरलं, मग १९ नोव्हेंबर २०२६. जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एससाठी. त्यामुळे मुलांच्या ग्रुपवर ‘जीटीए ६ मोबाइल बीटा’ म्हणून लिंक फिरतात त्या उघडायच्या नाहीत. त्यात पासवर्ड जातो, कधी बँकेतले पैसेही. असं काही झालंच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे मुलाला आजच सांगून ठेवा. डिजिटल प्रत कधी संपत नाही, त्यामुळे आगाऊ नोंदणीची घाई कशालाच नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीचा कॉन्कॉर्ड २३ तारखेला आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला, जेमतेम दोन आठवडे. सोनीने पैसे परत केले हे चांगलं झालं, पण दरवेळी तसं होईलच असं नाही. ऑनलाइनवरच चालणारा नवा गेम असेल तर मी माझ्या पोरांना तीन महिने थांबायला सांगतो. तोपर्यंत खेळणारे टिकलेत का ते दिसतं.

तेव्हा शनिवारी केबलची चाचणी करा आणि डब्याचा कोपरा बघा, आणि काय दिसलं ते इथेच कळवा. पिंगचे आकडे लिहून ठेवलेत तर अजून बरं, रात्री आठचे आणि साडेदहाचे, वेगवेगळे.